शिकवण्याचा खर्च कोणी करायचा? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या तंत्रज्ञान उद्योगाचं खरं कोडं

रबाळे, महापे किंवा दिघ्याच्या एमआयडीसीतून जाताना काही इमारती वेगळ्या ओळखू येतात. भल्यामोठ्या, पण खिडक्या जवळपास नाहीतच. मागच्या बाजूला ओळीने जनरेटर, गच्चीवर इमारत थंड ठेवणारे चिलर, गेटवर कडक तपासणी. ही डेटा सेंटरं. आपण बँकेचं ॲप उघडतो, रेल्वेचं तिकीट काढतो, डॉक्टरांनी पाठवलेला रिपोर्ट मोबाईलवर बघतो, तेव्हा ते काम अशाच एखाद्या इमारतीतल्या सर्व्हरवर होत असतं. देशातल्या डेटा सेंटरांच्या एकूण क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई महानगरात आहे आणि तिचा मोठा वाटा ठाणे खाडीच्या या बाजूला आहे.

तंत्रज्ञान उद्योगाला लागणाऱ्या कौशल्याची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांसमोर लॅपटॉपवर कोड लिहिणारा इंजिनियर येतो. तो आहेच. ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये, पोखरण रोडवर, घोडबंदरला, वाशी आणि बेलापूर स्टेशनांच्या वरच्या ऑफिसांत असे हजारो जण आहेत. पण मला सुरुवात मुद्दाम त्या बिनखिडकीच्या इमारतीपासून करायची आहे, कारण कौशल्याचा प्रश्न तिथे जास्त उघडा दिसतो.

आत रात्रपाळीला कोण असतं? एक इलेक्ट्रिशियन. एक एसी आणि चिलर सांभाळणारा. यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर लगेच पुरवठा सांभाळणारी बॅटरीची यंत्रणा, आणि जनरेटर बघणारा. इमारतीतल्या सगळ्या यंत्रांची स्थिती दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर बसलेला ऑपरेटर. फायबरच्या जोडण्या करणारा. आणि ग्राहकाचा फोन किंवा मेल आला की नेमक्या त्याच रॅकमधली (सर्व्हरच्या कपाटातली) नेमकी तीच डिस्क बदलणारा. यातले बरेच जण आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले असतात.

या माणसांच्या हातात किती मोठी गोष्ट असते ते आकड्यांत सांगतो. डेटा सेंटरची प्रतवारी करणारी अपटाइम इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. तिच्या टिअर ३ या प्रतीशी ९९.९८२ टक्के उपलब्धता हा आकडा जोडला जातो. ऐकायला ते १०० टक्केच वाटतं. प्रत्यक्षात वर्षाचे ८७६० तास धरले तर साधारण ९५ मिनिटं बंद पडायची मुभा उरते. टिअर ४ मध्ये ९९.९९५ टक्के, म्हणजे वर्षभरात २६ मिनिटं. एवढ्यात बसायचं तर यंत्र बंद पडलं की त्याची जागा घेणारं जादा यंत्र लागतं आणि ते बसवलेलंही असतं. तरीही सेंटर बंद पडतं तेव्हा बहुतेक वेळा त्यात कुठेतरी माणसाची चूक निघते. चुकीचा ब्रेकर पाडला गेला. देखभालीच्या यादीतली एक पायरी गाळली. मागच्या पाळीने काय करून ठेवलंय ते पुढच्या पाळीला नीट सांगितलं नाही.

दुसरा आकडा विजेचा. सर्व्हरला जेवढी वीज लागते, त्याशिवाय त्यांना थंड ठेवायलाही लागते. एकूण विजेला सर्व्हरच्या विजेने भागलं की जे गुणोत्तर येतं त्याला या धंद्यात पीयूई म्हणतात. सर्व्हरना १०० युनिट गेले आणि एकूण खप १५० चा झाला, तर पीयूई १.५. आता समजा सर्व्हरचा भार १० मेगावॉट आहे आणि पीयूई १.६ वरून १.५ वर आला. तर १ मेगावॉट वाचला. म्हणजे तासाला १००० युनिट, वर्षाला ८७ लाख ६० हजार. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाचे ७ कोटी. यातला बराच भाग इमारतीच्या रचनेवर ठरतो हे खरं. पण रॅकमधल्या रिकाम्या जागा झाकलेल्या आहेत का, गरम आणि थंड हवा कुठे मिसळतेय, फिल्टर वेळेवर साफ होतात का, चिलरचं तापमान उगाच खाली तर ठेवलेलं नाही ना, हे रोज बघणारा माणूस तंत्रज्ञच असतो.

स्पर्धात्मकता हा जड शब्द या दोन आकड्यांत मावतो. परदेशी कंपनी आपले सर्व्हर नवी मुंबईत ठेवील की चेन्नईत, हैदराबादेत की मलेशियात, हे जमीन, वीज आणि समुद्राखालच्या केबल यांवर ठरतं. पण एकदा यंत्रं सगळीकडे सारखीच मिळायला लागली की फरक उरतो तो ती यंत्रं चालवणाऱ्या माणसांचा.

हे शिकतात कुठे?

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स २ वर्षांचा आहे, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचाही २ वर्षांचा. पाया तिथे पक्का होतो. चांगल्या निदेशकाच्या हाताखालून निघालेला मुलगा मीटर धरतो त्यावरूनच ओळखू येतो. पण डेटा सेंटरमधलं काम त्याच्या पुढचं आहे. इथे वीज चालू ठेवून देखभाल करायची असते. प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती असते. एकाने पायरी वाचायची, दुसऱ्याने ती पुन्हा म्हणायची, मग हात लावायचा. ब्रेकर पाडला की त्याला कुलूप आणि पाटी लावायची आणि किल्ली आपल्याकडे ठेवायची. एकाच वेळी ४० अलार्म वाजले तर मूळ कारणाचा अलार्म कोणता आणि त्याच्यामुळे वाजणारे कोणते, हे ओळखायचं.

यातलं बरंचसं वर्गात शिकवता येत नाही, कारण कुठल्याही आयटीआयला एवढे मोठे यूपीएस आणि चिलर परवडणार नाहीत. ते जागेवरच शिकावं लागतं, अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून. त्यात सहा महिने जातात, कधी वर्ष जातं. या काळात शिकणाऱ्याला पगार द्यावा लागतो, त्याच्याकडून काम थोडंच होतं, वर शिकवणाऱ्याचाही वेळ मोडतो.

हा झाला खर्च. आता प्रश्न असा, की तो कोणी करायचा? तंत्रज्ञान उद्योगाच्या कौशल्यावर गेली कित्येक वर्षं परिषदा होतात, त्यांत अभ्यासक्रम बदला, नवं शिका, एआय शिका असं बरंच सांगितलं जातं. पण या एका प्रश्नाला कोणी नीट हात घालत नाही, आणि माझ्या मते बाकीचे सगळे प्रश्न याच्या पोटात आहेत.

अर्थशास्त्र काय म्हणतं

गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये या प्रश्नाची एक नेटकी फोड मांडली. पुढे त्यांना नोबेलही मिळालं. ते म्हणाले, नोकरीत मिळणारं शिक्षण दोन तऱ्हेचं असतं. एक, जे फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडतं. तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, तिच्या फाइली कशा लावायच्या. दुसरं, जे कुठेही चालतं. फायबर जोडणं, जावा किंवा पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं, नेटवर्कमधला बिघाड शोधणं.

पहिल्या तऱ्हेच्या शिक्षणावर कंपनी आनंदाने खर्च करते, कारण ते शिकलेला माणूस बाहेर गेला तर त्या ज्ञानाला तिथे किंमत नाही. दुसऱ्या तऱ्हेचं मात्र अडतं. माझ्या कंपनीने वर्षभर खर्च करून तुम्हाला तयार केलं आणि समोरच्या प्लॉटवरच्या कंपनीने महिन्याला ५ हजार जास्त देऊ केले, तर तुम्ही जाणार. का जाऊ नये? घरभाडं आहे, ईएमआय आहे. माझा खर्च बुडाला, समोरच्याला तयार माणूस फुकट मिळाला. बेकर यांचं म्हणणं असं, की म्हणून अशा शिक्षणाचा खर्च शेवटी शिकणाऱ्यावरच येतो. तो एक तर फी भरतो, नाही तर शिकण्याच्या काळात कमी पगार घेतो.

खारघरला सी-डॅक या संगणक क्षेत्रातल्या सरकारी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. संगणक पदवीधरांसाठी सी-डॅक जो ॲडव्हान्स्ड कंप्युटिंगचा पदविका अभ्यासक्रम चालवतं, तो सुमारे सहा महिन्यांचा आणि ९०० तासांचा. प्रवेश परीक्षा कडक, अभ्यास सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि त्या शिक्क्याला बाजारात मान आहे. पण फी करासकट लाखभराच्या घरात जाते. बेकर यांनी सांगितलेली गोष्ट इथे जशीच्या तशी दिसते: कुठेही चालणारं कौशल्य, खर्च शिकणाऱ्याचा. ज्या घरात लाखभर रुपये आणि सहा महिने बिनपगारी राहण्याची सोय आहे, त्या घरातल्या मुलीला हे जमतं. जिचे वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहेत, तिला ते कितपत जमेल? पोरगी हुशार आहे म्हणून बँक तारण न घेता कर्ज देईलच असं नाही.

कंपन्यांनी खर्च करायचा नाही, कारण माणूस जातो. मुलांनी करायचा, तर पैसे नाहीत. मग होतं काय? सामाईक विहिरीसारखं. पाणी सगळ्यांनाच हवं, पण गाळ कोणी काढायचा यावर प्रत्येकाची नजर शेजाऱ्याकडे. कंपनी जाहिरात देते, ‘किमान २ वर्षांचा अनुभव आवश्यक’. याचा साधा अर्थ, पहिली २ वर्षं दुसऱ्या कोणीतरी शिकवून पाठवा. सगळ्यांनीच तसं म्हटलं तर नवा माणूस आत शिरणार कुठून? अनुभवी मोजकेच राहतात, ते या कंपनीतून त्या कंपनीत फिरत राहतात, प्रत्येक फेरीला त्यांचा पगार वाढतो, आणि शेवटी उद्योग म्हणतो की भारतात माणसं महाग झाली. प्रत्येक कंपनी आपापल्या परीने शहाणपणानेच वागलेली असते, तरी सगळ्यांचं मिळून नुकसान होतं.

आपल्या पट्ट्यात हे जास्त जाणवायचं एक कारण भूगोलाचं आहे. ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्टेशनं पाच-पाच मिनिटांवर आहेत. नोकरी बदलली तरी घर बदलावं लागत नाही, पासही जवळपास तोच राहतो. कामगाराच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यामुळे शिकवणाऱ्या कंपनीची भीतीही वाढते. याच जवळिकीचा उलटा उपयोगही करता येतो, त्याकडे पुढे येतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी काय केलं होतं

मोठ्या आयटी कंपन्यांनी एकेकाळी या कोड्यातून वाट काढली होती. त्या दरवर्षी कॉलेजांतून हजारोंनी मुलं घ्यायच्या, कुठल्याही शाखेचा इंजिनियर चालायचा, आणि पहिले काही महिने पगार देऊन प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. इन्फोसिसने तर त्यासाठी म्हैसूरला अख्खं संकुल उभारलं. मेकॅनिकल किंवा सिव्हिल झालेली, जिल्ह्याच्या गावातून आलेली असंख्य मराठी मुलं त्या वाटेने या उद्योगात आली आणि घणसोली-ऐरोलीत स्थिरावली. हे परवडायचं कसं? धंदा वाढत होता, भरती प्रचंड होती, नवशिक्याचा पगार कमी होता, आणि ग्राहकाकडून माणसागणिक तासागणिक बिल घेता येत होतं. शंभरातले पंधरा-वीस सोडून गेले तरी हिशेब जमायचा.

तो हिशेब आता डळमळला आहे. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये या उद्योगाची उलाढाल २८० अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि त्यात सुमारे ५८ लाख लोक काम करत होते. उद्योग वाढतोच आहे. पण नवशिक्यांची ती जुनी प्रचंड भरती राहिलेली नाही. दुसरीकडे परदेशी कंपन्यांनी स्वतःची केंद्रं भारतात उघडली आहेत. २०२४ पर्यंत त्यांची संख्या १७०० वर गेली होती. त्यांना सहसा अनुभवी माणूसच हवा असतो.

त्यात एआय आलं. त्याबद्दल बोलताना लोक एकदम नोकऱ्या जाणार की राहणार यावर येतात. मला त्याहून जवळचा धोका वेगळा दिसतो. नवा मुलगा पूर्वी काय करत शिकायचा? छोट्या चुका दुरुस्त करणं, चाचण्या लिहिणं, जुना कोड वाचून त्याची टिपणं काढणं, अहवाल बनवणं. ही कामं कंटाळवाणी होती, पण त्यांतच त्याची नजर तयार व्हायची. आता नेमकी हीच कामं एआयची साधनं पटापट करतात. ज्याला दहा वर्षांचा अनुभव आहे, तो एआयने लिहिलेल्या कोडमधली चूक ओळखतो. ती ओळखण्याची नजर ज्या कामांतून येते ती कामंच उरली नाहीत, तर दहा वर्षांनी असा अनुभवी माणूस आणायचा कुठून? शिकणं पूर्वी कामाच्या ओघात आपोआप व्हायचं. यापुढे त्यासाठी मुद्दाम वेळ काढावा लागेल, ज्येष्ठाने बाजूला बसून ‘हे असं का केलंय, सांग बघू’ असं विचारावं लागेल. त्या वेळेचं बिल कुठल्याही ग्राहकाला लावता येत नाही. म्हणजे खर्चाचा प्रश्न सॉफ्टवेअरमध्येही आला, आणि डेटा सेंटरइतकाच.

बॉन्ड हे उत्तर आहे का?

माणूस शिकून पळू नये म्हणून कंपन्या बॉन्ड लिहून घेतात. अमुक वर्षांच्या आत सोडलं तर एवढे पैसे भरा. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ म्हणतं की माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल आहे. त्यामुळे नोकरी सोडल्यावर ‘प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नकोस’ ही अट सहसा टिकत नाही. पण नोकरीच्या काळापुरतं बंधन वेगळं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ३ वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला भरतीवर मोठा खर्च करावा लागतो, आणि अधिकाऱ्याच्या पदाचा व पगाराचा विचार करता रक्कम अवाजवी नाही, असं त्यामागचं कारण होतं.

याचा अर्थ कोणताही बॉन्ड चालतो असा घेऊ नये. अधिकाऱ्याच्या पगाराला २ लाख वेगळे आणि १८ हजारांवर लागलेल्या मुलाला वेगळे. शिवाय ज्या कंपनीने चार दिवसांचं ओळखसत्र करून त्याला प्रशिक्षण म्हटलं, तिने २ लाख मागणं न्याय्य होत नाही. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: बॉन्डच्या नावाखाली मूळ गुणपत्रिका आणि दाखले कोणी ठेवून घेत असेल, तर देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रती दाखवून परत आणा.

बॉन्डने माणूस थांबतो, पण शिकवण्याची इच्छा त्यातून जन्मत नाही. ती दुसऱ्या देशांनी वेगवेगळ्या मार्गांनी आणली.

जर्मनीत मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, दोन ते साडेतीन वर्षं. कंपनी त्याला विद्यावेतन देते. काय शिकवायचं हे कायद्याने ठरलेलं असतं आणि परीक्षा उद्योगांचं मंडळ घेतं. त्या मंडळाचं सभासदत्व कंपन्यांना बंधनकारक आहे. १९९७ पासून सॉफ्टवेअर आणि नेटवर्कची कामंही याच पद्धतीने शिकवली जातात. तिथे पदवी नसलेला प्रोग्रॅमर ही नवलाची गोष्ट नाही. पुष्कळ कंपन्या मिळून शिकवतात, म्हणून भार कोणा एकीवरच पडत नाही.

सिंगापूरने १९७९ मध्ये मालकांवर कौशल्य कर बसवला. पगाराच्या पाव टक्का रक्कम एका निधीत जाते आणि प्रशिक्षण देणाऱ्याला त्यातून परत मिळते. ब्रिटनने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर असाच अर्धा टक्का कर लावला, पण तिथला अनुभव सावध करणारा आहे. कंपन्यांनी भरलेला पैसा वसूल करण्यासाठी आधीच नोकरीत असलेल्यांना वरच्या कोर्सना पाठवलं, आणि कोवळ्या नवशिक्यांची संख्या उलट घटली. पैसा गोळा करणं सोपं, तो योग्य माणसापर्यंत पोचवणं अवघड.

आपल्याकडे कायदा आहे, वापर कमी

भारतात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याचे २०१९ चे नियम सांगतात की ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. या मोजणीत कंत्राटी माणसंही धरली जातात, हे फार महत्त्वाचं. विद्यावेतनाचा भार सरकार काही प्रमाणात उचलतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्राचा असतो. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी वेगळी योजना आहे, तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र देतं. २०१९ च्या नियमांत हे किमान विद्यावेतन पदवीधराला ९ हजार आणि डिप्लोमाधारकाला ८ हजार होतं. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार अशी रक्कम ठरली.

बेकर यांच्या चौकटीत बघितलं तर हा कायदा फार शहाणा आहे. शिकण्याच्या काळात मुलगा कमी पैसे घेतो, कंपनी शिकवण्याचा वेळ देते, सरकार थोडी भर घालते. खर्च तिघांत वाटला गेला. २०१४ च्या दुरुस्तीनंतर उद्योगाला स्वतःचा नवा अभ्यासक्रमही मांडता येतो, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा. म्हणजे डेटा सेंटर तंत्रज्ञ असा नेमका व्यवसाय आखायला कोणाचीही आडकाठी नाही.

मग अडतं कुठे? मुख्यतः दोन ठिकाणी. एक, काही मालक शिकाऊ म्हणजे स्वस्त हात असं समजतात. मुलाला वर्षभर एकाच मशीनवर नाही तर एक्सेलच्या एकाच शीटवर बसवतात. दुसरं कारण डेटा सेंटरांत आणि आयटी पार्कांत विशेष आहे. तिथली वीज, एसी, जनरेटर सांभाळणारी माणसं बहुधा मूळ कंपनीची नसतात, देखभालीचं कंत्राट घेतलेल्या एजन्सीची असतात. एजन्सीचं कंत्राट वर्षा-दोन वर्षांचं, आणि ते मिळतं सर्वांत कमी दराला. ती शिकवण्यावर पैसे घालेल कशी? खर्चाचं कोडं असं खाली खाली ढकललं जातं आणि शेवटी, ज्याच्या हातात ब्रेकर आहे, त्या माणसाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मूळ कंपनीने निविदेतच लिहावं: दर तंत्रज्ञामागे वर्षाला इतके तास प्रशिक्षण, त्याचा खर्च दरात वेगळा दाखवा, तो कमी करून बोली जिंकता येणार नाही. वर मांडलेल्या ७ कोटींच्या हिशेबापुढे ही रक्कम फार मोठी नाही.

आता त्या जवळिकीकडे. जर्मनीत छोट्या कंपन्या एकत्र येऊन एकच शिकाऊ तुकडी चालवतात. मुलगा चार महिने एकीकडे, चार महिने दुसरीकडे. ऑस्ट्रेलियात तर शिकाऊ उमेदवार एका मध्यस्थ संस्थेचे कर्मचारी असतात आणि ती त्यांना वेगवेगळ्या कंपन्यांत पाठवते. हे करायचं तर कंपन्या एकमेकींच्या जवळ हव्यात, आणि ठाणे-बेलापूर रस्त्याइतक्या जवळ त्या क्वचितच कुठे असतील. उद्योजकांच्या संघटनाही आहेत, वागळे इस्टेटमध्ये लघुउद्योजकांची, रबाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्याची. सेंटरमधून निवृत्त झालेले यूपीएस, जुने रॅक, एखादा छोटा चिलर एका शेडमध्ये आणून मांडला तर अख्ख्या पट्ट्याची सरावशाळा उभी राहील. तिथे मुद्दाम बिघाड करून ठेवायचे आणि मुलांना शोधायला लावायचे. सगळ्यांनी वर्गणी काढली की शिकलेला मुलगा या प्लॉटवरून त्या प्लॉटवर गेला तरी कोणाचं बुडालं म्हणायचं?

इंग्रजीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मराठी माध्यमातून आलेला, हाताने उत्तम असलेला मुलगा मुलाखतीत मागे पडतो तो इंग्रजीत अडखळतो म्हणून. कार्यपद्धती इंग्रजीत, तक्रारीची नोंद इंग्रजीत, पाळी बदलताना लिहायचा अहवाल इंग्रजीत, हे खरं आहे. पण त्यासाठी फाडफाड बोलता यायला लागत नाही. त्या कामात लागणारे चारेकशे शब्द आणि वीस-पंचवीस ठरावीक वाक्यं आली की पुरतं: काय दिसलं, किती वाजता, काय केलं, काय बाकी आहे. ‘इंग्लिश स्पीकिंग’च्या क्लासात स्वतःची ओळख पाठ करून घेतात आणि नेमकं हेच शिकवत नाहीत. एमएस-सीआयटीने २००१ नंतरच्या काळात गल्लोगल्ली केंद्रं उघडून दाखवून दिलं की मराठीतून शिकवलं तर गृहिणीही संगणकाला घाबरत नाही. तेच जाळं आणि तीच भाषा वापरून कामापुरतं इंग्रजी शिकवणं मुळीच अवघड नाही. यंत्र मराठीत समजावून सांगा, अहवाल इंग्रजीत लिहायला शिकवा.

आणि ज्यांच्याकडे कौशल्य आहे पण कागद नाही, त्यांचं काय? कळव्या-मुंब्र्यात पंधरा-पंधरा वर्षं एसी दुरुस्त करणारे कारागीर आहेत, ज्यांचं शिक्षण आठवीत सुटलं. त्यांच्यासाठी पूर्वानुभवाची दखल घेऊन परीक्षा घेणारी आणि प्रमाणपत्र देणारी सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातल्या एका पातळीवर त्यांना बसवलं जातं. या आराखड्यात आता ८ पातळ्या आहेत आणि एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाता येतं. पण भरती करणाऱ्या कंपनीने ‘किमान बारावी’ ही अट तशीच ठेवली तर त्या कागदाला किंमत राहत नाही. या कारागिरांना चिलरवर सहा महिने दिले तर ते नव्या डिप्लोमावाल्याला मागे टाकतील, याबद्दल मला शंका नाही.

आता, घरात या वयाचं कोणी असेल तर उपयोगी पडावं म्हणून थोडं. शिकाऊ उमेदवारीची संधी आली की सर्वांत आधी करार केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदला गेलाय का ते विचारा. नोंदणी नसेल तर ती कायद्याच्या अर्थाने शिकाऊ उमेदवारी नव्हे आणि शेवटचं प्रमाणपत्रही मिळणार नाही. विद्यावेतन रोख घेऊ नका, बँक खात्यातच घ्या. शिकाऊ काळ संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नसतं, हे आधीच समजून घ्या, म्हणजे पुढे मनस्ताप होणार नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या विभागात काम मिळेल याचं वेळापत्रक मागा. ‘बघू, गरज पडेल तसं’ असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा, रबाळ्यात नाही मिळाली तर महाप्यात मिळेल. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: आज कोणतं यंत्र उघडलं, काय बिघडलं होतं, कोणी दाखवलं, मी स्वतः काय केलं. पुढच्या मुलाखतीत ‘काय येतं तुला?’ असं विचारलं की ती वहीच समोर ठेवता येते.